शेडगेबाईंच्या आठ मात्रा

शेडगेबाईंच्या नवऱ्याला मी भर सभेत हुतात्मा करून टाकलं. ते मधुमेहानं गेले होते, फरीदाबादला, स्वतःच्या पलंगावर.

हे कसं घडलं ते सांगतो. त्यानं माझा दोष कमी होणार नाही, पण माझं डोकं कसं चालतं ते कळेल. आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरांत राहणारे आम्ही लोक वर्षातून एकदा तिथं मराठी बोलायला जमतो. म्हणजे 'अच्छा', 'बिल्कुल' आणि 'चलो यार' यांच्या मधल्या जागांत मराठी शब्द भरतो. त्या वर्षीचा विषय होता 'रणांगण आणि कविता'. सूत्रसंचालन माझ्याकडे. ते दरवर्षी माझ्याकडेच असतं, कारण माइक बिघडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि माइक बिघडायची प्रथा मंडळानं निष्ठेनं पाळली आहे.

आयत्या वेळी चिटणिसांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. एक कविता, आणि खाली नाव : कै. हवालदार दत्ताराम शेडगे. माणूस हवालदार होता, कैलासवासी होता, कविता लढाईतली होती. एवढी कागदपत्रं समोर असली की निष्कर्ष मी स्वतःच काढतो. मंत्रालयात आयुष्य घालवल्यावर ती सवय लागते. "आता ऐकू या एका हुतात्म्याचे अखेरचे शब्द," मी म्हणालो, आणि सगळ्या सभागृहाला श्रद्धांजलीसाठी उभं केलं.

तिसऱ्या रांगेत एक बाई मात्र बसूनच होत्या. किडकिडीत, चष्म्याला दोरी, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी शाळेत करतात तसं एक बोट वर केलं आणि काहीतरी बोलल्या. ऐकू आलं नाही. शेजारच्या गृहस्थांनी वाकून ऐकलं आणि ते मोठ्यानं, लाजत लाजत म्हणाले, "या म्हणतायत, ते डायबिटीसनं गेले."

बाईंनी पुन्हा काहीतरी सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "फरीदाबादला. पलंगावर."

सभागृह उभंच होतं. बसावं की नाही हे कुणाला कळेना. "मृत्यू शेवटी मृत्यूच असतो," असं काहीतरी पुटपुटून मी सगळ्यांना बसवलं आणि कविता म्हणायला घेतली. ती अशी होती :

परात भरली, डाळ उकळली,
रांग लागली, पुढचा ये
कुणी कऱ्हाडी, कुणी कुडाळी,
थाळी वाजव, पुढचा ये

रोटी घे रे, हसून घे रे,
जरा जास्त घे, पुढचा ये
कांदा उरला, मिरची उरली,
उजाडेल बघ, पुढचा ये

परात भरली, डाळ उकळली,
रांग लागली, पुढचा ये
शिजले तितके, तितक्यांसाठी,
पुढचा ये

शेवटच्या ओळीशी आलो आणि पायरी चुकल्यासारखं झालं. अर्धी ओळच नव्हती. मी मनात म्हटलं, हवालदार घाईत असणार, किंवा उतरवून घेणाऱ्याकडून सुटलं असणार. असा अपुरेपणा मला सहन होत नाही. तिथल्या तिथे, जराही न अडखळता, मी म्हणालो, "शूर जवाना, पुढचा ये!" आणि मुठीत हवा पकडून हात वर नेला. टाळ्या पडल्या. मधुमेह सगळे विसरले.

जेवणाच्या वेळी बाई ताट घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज म्हणजे नुसता वारा होता. ऐकायला मला वाकावं लागलं, आणि पुढं वर्षभर मी त्यांच्यासमोर वाकलेलाच होतो.

"नाव काय तुमचं?"

"अविनाश दिघे."

त्यांनी ताटाच्या कडेवर बोटांनी टकटक केलं. "आठ मात्रा. नाव तर वृत्तात बसतंय. 'शूर जवाना' तुमचं ना?"

"हो," मी नम्रपणे म्हणालो. "ओळ अपुरी राहिली होती."

"मोजून घातलंत?"

"छे, आपोआप आलं. ते उपजत असतं."

"बरोबर आठ मात्रा आहेत."

मी आभार मानले.

"आभार कसले मानता? घर फोडून जाताना चोरानं कडी नीट लावली, एवढंच म्हणतेय मी." त्यांनी एक भजं उचललं, बघितलं, परत ठेवलं. "रविवारी फरीदाबादला या. दुपारी. जेवायला नाही, वाढायला."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला वाटलं, बाईंकडे लग्नकार्य असेल. मी म्हटलं, नाही, त्यांना माझ्याशी काव्यचर्चा करायची आहे. ती म्हणाली, "अहो, मग स्वेटर घालून जा. खूप ऐकावं लागणार असेल तर थंडी वाजते."

शेडगेबाई दिल्लीतल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वाईकडचा, सैन्यात हवालदार. निवृत्तीनंतर फरीदाबादच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर देखरेख करायचा. तिथंच त्यांनी छोटं घर घेतलं, पुढं अंगण, अंगणात एक कडुनिंब. बाईंना एक सवय होती. कानावर पडलेली कुठलीही गोष्ट त्या बोटांनी वाजवून बघायच्या. ह्रस्व अक्षराला एक टिचकी, दीर्घाला दोन. भाजीवाला गल्लीत ओरडायचा, "आलू ले लो, प्याज़ टमाटर." बाई खिडकीच्या गजावर ठोका द्यायच्या. "आठ आणि आठ. हा माणूस कधी चुकत नाही." मेट्रोतल्या 'अगला स्टेशन'वर त्या खूश होत्या, पण पुढं स्टेशनचं नाव आलं की ताल बिघडतो अशी त्यांची तक्रार होती. डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं काही सांगितलं तरी त्या आधी त्याच्या मात्रा मोजायच्या आणि मग घाबरायच्या.

रविवारी अंगणात मुलांची गर्दी होती. लातूर, जालना, चंद्रपूर, कुठून कुठून दिल्लीत येऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी ही मुलं. ज्यांचा मराठी साहित्य हा विषय होता ती रविवारी बाईंकडे यायची. बाई त्यांना आधी शिकवायच्या, मग जेवायला घालायच्या. मुलं दोन्हीसाठी यायची, पण पहिल्यासाठी थोडी उशिरा पोचायची. त्यांत औशाची समीना तांबोळी ही सगळ्यांत आधी येणारी. तिला बाईंचं कुजबुजणं सर्वांत नीट ऐकू यायचं, म्हणून ती बाईंचं बोलणं मोठ्यानं सांगायची. सांगताना पदरचं काही घालायची नाही. हा गुण किती दुर्मिळ आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाईंनी मला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं.

"कुठलं वृत्त आहे कवितेचं?"

मी घरून जुनं व्याकरणाचं पुस्तक वाचून आलो होतो. "ओवीकडे झुकणारं आहे," मी म्हणालो. न पटणारी गोष्ट 'कडे झुकणारी' आहे असं म्हटलं की फाइल पुढं सरकते, हा माझा अनुभव.

"कशाकडे झुकत नाही. सरळ उभं आहे." त्यांनी चमच्यानं परातीवर वाजवलं. "परात भरली. आठ. डाळ उकळली. आठ. रांग लागली. आठ. पुढचा ये. सहा. आणि दोन मात्रा रिकाम्या. त्या दोन मात्रांत काय होतं?"

"श्वास घेतला जातो."

"श्वास तुम्ही घेता. तिथं ज्याला वाढलं तो पुढं सरकतो."

मग मी यमकाचा मुद्दा काढला. म्हटलं, दुसऱ्या ओळीला यमक हवं होतं, तिथं 'पुढचा ये' तसंच्या तसं परत परत येतं. कवीला शब्द सुचले नसावेत.

बाईंनी चमचा परातीत ठेवला. मुलांपैकी कुणीतरी खोकलं.

"साहेब, तुम्ही कधी शंभर माणसांना वाढलंयत?"

"नाही."

"मग यमक कसं सुचणार तुम्हाला? शंभर माणसं समोर असली की एकच शब्द तोंडात राहतो. पहिल्यांदा म्हणताना त्याला अर्थ असतो, मग अर्थ जातो, नुसता हात चालतो. यमकं आत आहेत बघा. भरली, उकळली, लागली, उरली. कामाचे शब्द एकमेकांशी जुळतात. माणसाला बोलावणं जुळत नाही, ते तसंच राहतं. आणि 'तितक्यांसाठी'ला जोडी आहे का?"

"नाही."

"शोधलीत?"

"आता शोधतो."

"नका शोधू. शोधलीत की सापडेल तुम्हाला."

समीना वहीत लिहीत होती. ती म्हणाली, "बाई, तिसऱ्या कडव्यात पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा का आल्यात?"

बाईंनी माझ्याकडे हात केला. "यांना विचार. हे उपजत आहेत."

मी म्हणालो, "पुनरुक्तीनं परिणाम गडद होतो."

"कसला परिणाम?"

"गडद."

बाईंनी समीनाला जवळ बोलावून सांगितलं आणि तिनं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. ते मला तिच्या आवाजातच आठवतं. "बाई म्हणतायत, ओळ तीच आहे. परात तीच, डाळ तेवढीच. रात्री हल्ला झाला आणि सकाळी पुन्हा रांग लागली. शब्द बदललेले नाहीत. माणसं कमी झालीयत. हे कवितेत कुठं सांगितलेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा वाचताना आपण मोजायला लागतो."

मग बाईंनी माझ्या हातात डाव दिला. आमटी वाढायचा, लांब दांड्याचा, जड. मुलं थाळ्या घेऊन ओळीत उभी राहिली. मला सांगण्यात आलं की कविता म्हणत वाढायचं : डाव बुडवायचा, उचलायचा, ओतायचा, पातेल्याच्या कडेला टेकवायचा, प्रत्येक हालचालीला दोन मात्रा. मग 'पुढचा ये'.

मी खर्ज लावून सुरुवात केली. पहिल्या मुलाला निम्मी आमटी थाळीत आणि निम्मी बुटात मिळाली. दुसऱ्याला मी 'रांग लागली'वर वाढायचं तर 'लागली' लांबवलं, कारण सभेत ते चांगलं वाटतं, आणि तोवर त्याची थाळी निघून गेली. प्रत्येक 'पुढचा ये' मी आधीच्यापेक्षा चढा घेत होतो. बाईंनी टाळी वाजवून थांबवलं.

"कुणाला ललकारताय? डाळ आहे ती."

हवालदार शेडगे एकाहत्तरच्या लढाईत लंगर सांभाळत होते, म्हणजे तुकडीचं स्वयंपाकघर. बंदूक होती, पण त्यांच्या लक्षात राहिला तो डाव. घरी दर रविवारी ते स्वतः स्वयंपाक करायचे, येईल त्याला वाढायचे आणि वाढताना ही कविता म्हणायचे. बाई ओट्याशेजारी बसून शाळेचे पेपर तपासायच्या. सगळं त्यांच्या कानात होतं. स्वतः त्या उत्तम म्हणायच्याही. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मुलगा कॅनडात. नातीला परात म्हणजे काय ते फोटो पाठवून सांगावं लागलं होतं.

"पण कागद आहे की," मी एकदा म्हणालो. "छापून घेऊ मंडळाच्या अंकात."

"कागदावर ती अपुरी दिसते," बाई म्हणाल्या. "आणि अपुरं दिसलं की तुमच्यासारखा कुणीतरी येऊन पुरं करतो. मी आहे तोवर अडवीन. नंतर काय? ही कुणाच्या तरी तोंडात राहायला हवी, ते म्हणायचे तशी. मला बाकी काही नको."

"मग मीच का? ही मुलं आहेत."

"मुलांना परीक्षा आहे. आणि तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. देवानं आवाज देताना चौकशी केली नाही, त्याला मी काय करू?"

शेवटच्या ओळीवर आम्ही कित्येक रविवार घालवले. 'तितक्यांसाठी' म्हणायचं, मग आठ मात्रा गप्प, मग 'पुढचा ये', साधं, नेहमीसारखं. ऐकायला सोपं वाटतं. मला गप्प राहण्याचा अनुभव नव्हता. चौथ्या मात्रेला माझ्या घशातून काहीतरी निघायचंच. हुंकार तरी, किंवा 'हं' तरी. घरी सराव करतो म्हटलं तर बायको म्हणाली, "जरूर करा. आठच मात्रा का, चांगल्या आठशे करा. मी कुणाला सांगणार नाही."

मध्यंतरी मला त्या शांततेचा अर्थ लागला आणि मी तो घेऊन बाईंकडे धावलो. त्यांना सांगितलं, की ही मृत्यूची पोकळी आहे, भाषेचा पराभव आहे, सैनिकाच्या नसण्यानं वृत्तालाच पडलेलं खिंडार आहे. मी बराच वेळ बोललो. बाई तांदूळ निवडत होत्या.

"झालं?"

"हो."

"हातात डाव आहे आणि समोर थाळी नाही. एवढंच आहे ते. खिंडार वगैरे तुमच्या ऑफिसात."

मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "लग्नानंतर मीही त्यांना हेच म्हटलं होतं. नवी नवी शिक्षिका होते, लाल पेन घेऊन फिरायची. म्हटलं, अहो, अर्धी ओळ राहिलीय, पुरी करा. मी चार पर्याय लिहूनही दिले होते. छान होते."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, ती पुरी केली तर कुणीतरी आलं असं होईल." बाईंनी पुन्हा तांदळात बोटं घातली. "मी ते चार पर्याय शाळेच्या हस्तलिखितात वापरले."

पुढच्या वर्षीचं संमेलन आलं. बाईंनी पहिल्या रांगेत जागा धरली. पहिल्या रांगेत त्या कधी बसायच्या नाहीत. जेवण वाढायला मंडळानं बाईंच्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं, ती मुलं सभागृहातच भिंतीकडेच्या टेबलांमागे उभी होती. समीना आमटीच्या पातेल्यापाशी. वास सुटला होता. असल्या वासासमोर कविता म्हणणं हे युद्धच आहे, आणि ते सुरू करण्यापूर्वी मी कुणालाही उभं केलं नाही, हुतात्माही केलं नाही. माझी प्रगती तुमच्या लक्षात आली असेल.

पहिली दोन कडवी मी चांगली म्हटली. हे मी स्वतःबद्दल सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका, पण समीनानंही नंतर ते मान्य केलं. आवाज चढवला नाही, 'लागली' लांबवलं नाही. तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा सभागृहात चुळबुळ थांबली. "शिजले तितके, तितक्यांसाठी." आणि मी थांबलो. मनातल्या मनात डाव बुडवला. उचलला. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ मिटलेले, बोटं मांडीवर. ओतणार, एवढ्यात मागून कुणी भुकेल्या सज्जनानं टाळी वाजवली. त्याला वाटलं, संपली. मग शेजाऱ्यानं वाजवली. मग सगळं सभागृह.

टाळ्या वाजल्या की माझे हात आपोआप जुळतात. मान खाली जाते. मी नमस्कार केला. डावीकडे केला, उजवीकडे केला, आणि दोन पावलं मागं सरून विंगेत गेलो. विंगेत पोचल्यावर मला आठवलं की कविता अजून बाहेरच आहे.

टाळ्यांमधूनच भिंतीकडून आवाज आला. "पुढचा ये." मोठा नव्हता. नेहमी वाढणारं माणूस म्हणतं तसा होता. समीना पातेल्याच्या कडेला डाव टेकवून उभी होती आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. टाळ्या थांबल्या, एकदम नाही, हळूहळू, जसजसं लोकांना कळत गेलं. मी विंगेतून बाईंकडे पाहिलं. त्या रंगमंचाकडे बघतच नव्हत्या. खुर्चीत वळून त्या टेबलाकडे बघत होत्या.

नंतर मी त्यांच्यापाशी गेलो. माफी मागायचं मनात होतं, पण तोंडातून निघालं, "बाई, टाळ्याच इतक्या आल्या."

"हो. नमस्कार सुंदर केलात."

"मी थांबलो होतो. अर्ध्यापर्यंत थांबलो होतो."

"पाहिलं मी. टाळ्या आल्या की तुम्ही निघता. शेवटचं माणूस जेवेपर्यंत ते थांबायचे." मग बहुधा माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळं मला ती मुलगी ऐकू आली. तुम्ही बरोबर म्हटली असतीत तर ती कशाला बोलली असती?"

माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या चुकीचा कुणाला झालेला एवढाच उपयोग. त्यानंतर बाई समीनाला शिकवू लागल्या. शिकवायचं फार नव्हतंच. दर रविवारी रांगेत उभं राहून माझं चुकीचं ऐकता ऐकता तिनं बरोबर कसं हवं ते धरलं होतं. माझी बदली कांदा कापण्यावर झाली. तिथूनही मी सूचना करत असे. बाई म्हणायच्या, "दिघे, डोळे पुसा आणि कापा." 'साहेब' जाऊन 'दिघे' झालं होतं, ही मी बढती समजतो.

समीना दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली. आता गाझियाबादला एका बँकेत आहे. तरी रविवारी फरीदाबादला यायची. एवढं अंतर आम्ही दिल्ली-एनसीआरचे लोक फक्त नोकरीसाठी तोडतो. दोघींचं ओट्याशी काय चालायचं ते मला कळायचं नाही. एक कुजबुजायची, दुसरी मान हलवायची, परातीवर टकटक व्हायचं. एकदा बाईंनी डोळे मिटून सगळी कविता तिच्याकडून ऐकली, अगदी शेवटपर्यंत, आणि उठून गॅस बंद केला. "आता मला पेपर तपासायला घ्यायला हरकत नाही," असं म्हणाल्या. पेपर तर केव्हाच संपले होते.

गेल्या जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, बाई गेल्या. छातीत कफ झाला होता; दोन दिवस हॉस्पिटल, मग संपलं. शेवटी भेटायला गेलो तेव्हा ऑक्सिजनच्या नळीतला बुडबुड आवाज ऐकत त्यांनी चादरीवर बोटं हलवली आणि नापसंतीनं मान हलवली. तालात नसणार.

त्यांनी सांगून ठेवलं होतं की दिवसकार्य वगैरे काही करू नका, रविवारचं जेवण मात्र चुकवू नका. कॅनडाहून मुलगा आला होता. भला माणूस, मराठी सावकाश, हिंदीच्या आधारानं बोलतो. त्याला समीनाचं कविता म्हणणं फोनवर उतरवून घ्यायचं होतं, त्याच्या मुलीसाठी. आईचं एवढं एकच काम राहिलंय, म्हणाला, ते नीट व्हायला हवं. अंगणात मुलं रांगेत उभी राहिली. जुनी आली होती, नवीही होती. मी कांदा कापून झाल्यावर थाळी घेतली, वाटी ठेवली, आणि रांगेत लागलो. फोनचा कॅमेरा सुरू झाला. समीना म्हणू लागली.

कसं म्हणाली ते मला सांगता येणार नाही. डाव खाली जायचा, वर यायचा, कडेला टेकायचा, आणि त्यात शब्द होते. कुठं रडणं नव्हतं, कुठं थांबून बघणं नव्हतं. रडत होतो तो मी. कांद्यावर ढकलायची सोय होती म्हणून मोकळेपणानं. माझ्या पुढचा जालन्याचा मुलगा थाळी घेऊन बाजूला झाला तेव्हा ती म्हणाली, "शिजले तितके, तितक्यांसाठी." डाव वर होता. अंगणात कुणी हललं नाही. बाईंचा मुलगा फोन धरून उभा होता.

मला धुरकट दिसत होतं. एवढंच दिसलं, की माझ्या पुढं रांगेत जागा रिकामी झालीय. दिल्लीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला रांगेतली रिकामी जागा बघवत नाही. आपण नाही गेलो तर दुसरा घुसतो. रेशन असो, पासपोर्ट असो, मेट्रो असो, पाय आपोआप उचलला जातो. मी दोन पावलं पुढं झालो आणि थाळी समोर धरली.

समीनानं डाव खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"सर," ती म्हणाली, "इथं कुणी आलं नाही, अशी कविता आहे. आणि तुम्ही वाटीसकट आलात."